आक्कांच्या गाडीचे टापेट

"चपला तितंच काढा मिस्त्री, हात धुवा, आन मग बॉनेटला हात लावा."

मी चाटच पडलो. सांगलीजवळ कुपवाडला माझं गॅरेज आहे. तिथं लोक मला काम झाल्यावर हात धुवायला सांगतात. इंजिनात हात घालायच्या आधी हात धुवा, असं सांगणारं माणूस मला तोवर भेटलं नव्हतं आणि नंतरही भेटलं नाही. उंची माझ्या खांद्याएवढी, अंगावर साधं सुती पातळ, आणि आवाज मात्र गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असा. या आक्का. सगळं गाव त्यांना आक्काच म्हणायचं. मी मूळचा साताऱ्याकडच्या कोरेगावचा, त्यांच्या ना नात्यातला ना गोत्यातला, पण पहिल्या दिवसापासून मीही आक्काच म्हणत आलो. आता त्या नाहीत, तरी एखाद्या गिऱ्हाइकाच्या गाडीचं बॉनेट उघडताना माझा हात आधी नळाकडं जातो. गॅरेजमधली पोरं हसतात. हसू देत.

सांगलीच्या पुढं नदीकाठच्या गावात त्यांचं घर. जैन शेतकऱ्याचं घर, ऊस आणि हळद. घरामागं पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये ती अमेरिकन गाडी. सत्तर वर्षांची असेल. पुढचं नाक एवढं रुंद की त्यावर चार माणसांचं जेवण मांडावं. एका रांगेत सहा सिलिंडर. आक्कांच्या सासऱ्यांनी हळदीच्या एका चांगल्या सालात ती कुणा साहेबाकडून जुनीच विकत घेतली होती. त्यांचा मुलगा, म्हणजे आक्कांचे मालक, त्या गाडीला लय भ्यायचे. मागच्या सीटवर बसून डोळे मिटून णमोकार मंत्र म्हणायचे म्हणे. मग सासऱ्यांनी सुनेलाच पुढं बसवलं आणि गाडी शिकवली. त्या काळात! नवरा मागं आणि बायको पुढं गाडी हाणतीय, हे बघून गावानं तोंडात बोटं घातली असतील. आक्कांना त्याचं काही नव्हतं. "गावाचं तोंड मोकळंच असतंय. बोटं घातली तर तेवढंच गप ऱ्हातंय," म्हणायच्या.

तर त्या दिवशी मी हात धुवून आलो, आणि पुढचा धक्का तयारच होता. आक्कांनी बंद दारावर टकटक करावी तशी बॉनेटवर टकटक केली.

"कोन हाय का आत? चला, भाईर निगा. गाडी सुरू व्हायची हाय."

मी मागं वळून बघितलं, कुणाशी बोलतायत म्हणून. मागं कुणी नव्हतं. पालीशी बोलत होत्या. पाल, मुंग्या, झुरळ, जे कुणी आत बसलं असेल त्यांच्याशी. आत पंखा फिरतो, पट्टा फिरतो. एखादा जीव चिरडला तर पाप गाडीवाल्याला आणि मिस्त्रीला निम्मं-निम्मं, असा त्यांचा हिशेब. मला निम्मं पाप कुणी दिलं, असं विचारायचं मनात आलं, पण पहिलाच दिवस होता.

एका वर्षी खारीनं त्या बॉनेटखाली, बॅटरीच्या शेजारी घरटं केलं. काथ्या, कापूस, आक्कांच्याच गोधडीच्या चिंध्या. आत पिल्लं. नेमकं त्याच आठवड्यात आक्कांच्या भावाच्या नातवाचं लग्न, आणि नवरदेव या गाडीतून मिरवायचा असं सगळ्यांचं ठरलेलं. मी म्हटलं, "आक्का, घरटं हलक्या हातानं उचलून वळचणीला ठेवतो." आक्का माझ्याकडं असं बघायला लागल्या, जणू मी कुणाच्या घरात दरोडा घालायला निघालोय.

"बाळंतीन हाय ती. बाळंतिनीला कोन उठवतंय व्हय रं?"

गाडी हलली नाही. नवरदेव दुसऱ्याच्या जीपमधून मिरवला, आणि आक्का स्वतः एस.टी.नं लग्नाला गेल्या. भाऊ पुढं दिवाळीपर्यंत त्यांच्याशी बोलला नाही. खार मात्र पिल्लं मोठी करून आपल्या मर्जीनं गेली.

रेडिएटरमध्ये पाणी घालायचं ते दुपदरी फडक्यातून गाळून. एवढ्यावर भागत नव्हतं. ते फडकं झटकायचं नाही, ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत उलटं धुवून सोडायचं, म्हणजे फडक्यात अडकलेले जीव आपापल्या घरी जातात. प्यायच्या पाण्याला हे करतात ते मला माहीत होतं. गाडीच्या पाण्याला करताना मी पहिल्यांदाच बघत होतो. पेट्रोलसुद्धा गाळून! मी एकदा वैतागून म्हटलं, "आवं आक्का, पेट्रोलात कुठला जीव जगतोय?"

"जगत न्हाई हे तुला म्हाईत. मला म्हाईत न्हाई."

टाकीला आतून गंज होता, तो कचरा त्या फडक्यात यायचा, तेवढं मात्र मला पटलं होतं. बाकी मी कपाळाला हात लावत होतो.

सगळ्यात कहर झाला तो कोरेगावात. साताऱ्याला त्यांची लेक दिलेली. तिच्याकडं जाऊन परत निघालो. लांबच्या प्रवासाला गाडी मी चालवायचो, गावात आणि मळ्यापर्यंत त्या. येताना माझ्या आईला भेटून पुढं जाऊ म्हणून कोरेगावची वाट धरली. पंपावर थांबलो, टाकी तळाला गेली होती. पंपवाल्यानं नळी टाकीत घातली, आणि आक्कांनी खिडकीतून हात बाहेर काढला.

"थांब! दिस मावळला."

पंपवाला माझ्याकडं बघायला लागला. मी आक्कांकडं. म्हटलं, "आक्का, पेट्रोल हाय ते, जेवान न्हवं."

"मग पळतीया ती कशावर? खाल्ल्याबिगर?"

"मग रात्रीचं आपण गाडी चालवतो ती?"

"पोटातलं पचवायला कोन न्हाई म्हणतंय? नवीन घालायचं न्हाई."

त्या स्वतः सूर्यास्तानंतर पाण्याचा घोटही घेत नव्हत्या. मग गाडीनं का घ्यावा? पंपवाल्यानं नळी काढून घेतली आणि माझ्याकडं असं बघितलं की माझी मान खाली गेली. मुक्काम आमच्या घरी पडला. आईनं दारातच विचारलं, "गाडी बिगडली व्हय गं बाई?" आक्का म्हणाल्या, "न्हाई, चांगली हाय. उपाशी हाय." आमची आई गावात कुणाला बोलण्यात हार जाणारी बाई नव्हे. पण त्या दिवशी ती मुकाट अंथरुणं घालायला लागली.

आणि पर्युषण संपल्यावर क्षमा मागायचा दिवस. सगळी जैन मंडळी एकमेकांना हात जोडून "उत्तम क्षमा" म्हणतात, वर्षभरात काही चुकलं असेल तर माफ करा. आक्का शेजारीपाजारी सगळ्यांची माफी मागून झाली की शेडमध्ये यायच्या, बॉनेट उघडायच्या आणि इंजिनाला हात जोडायच्या. एका वर्षी मी सापडलो.

"मिस्त्री, तू बी माग."

"मी? आवं, मी बापाची कवा माफी मागितली न्हाई!"

"मग आज शिक. नट आवळताना शिव्या कोन देतंय, मी?"

मागितली. काय करता? हात जोडून उभा होतो तेवढ्यात माझं एक गिऱ्हाईक रस्त्यानं गेलं, आणि त्यानं ती गोष्ट अख्ख्या कुपवाडात केली.

पण आक्कांचा खरा बडेजाव होता तो कानांचा. चुलीपुढं बसून ओरडायच्या, "तीन नंबरचा प्लग बघ रं," आणि बघावं तर खरंच तीन नंबरचा प्लग काळा पडलेला असायचा. गाडी बघून कळत नाही, ऐकून कळते, हे त्यांचं कायमचं. अर्थात दर वेळी बरोबर यायचं असंही नाही. एकदा म्हणाल्या, डॅशबोर्डात टिकटिक होतेय, बेरिंग गेलं. मी निम्मा दिवस निम्मी गाडी खोलली. शेवटी टिकटिक सापडली त्यांच्याच मेतकूटभाताच्या डब्यात, आतला चमचा वाजत होता. माझं डोकंच फिरलं. तर वर मलाच म्हणतात, "टिकटिक व्हती का नव्हती? मग ऐकलं ते खरंच न्हवं?"

इथपर्यंतचं सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पुढचं नव्हतं.

आक्कांचा एकुलता मुलगा पुण्यात असतो. वाईट नाही, आईच्या काळजीनंच बोलायचा. पण बोलला होता स्पष्ट: "आई, ज्या दिवशी तुझ्या हातनं त्या गाडीचं काही बिनसलं, त्या दिवशी गाडी पुण्याला." तिकडं एक जण गाडी मागतच होता, लग्नाच्या वरातीला भाड्यानं द्यायला. जुनं इंजिन काढून डिझेलचं बसवणार आणि जुनं भंगारात घालणार. मुलगा गेल्यावर आक्का मला म्हणाल्या, "काळीज काढून दुसऱ्याचं घालणार, आन वर हार घालून मिरवणार." त्या दिवशी त्या जेवल्याही नाहीत.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मी गाडीची सगळी सर्व्हिस केली. प्लग, पॉइंट, टापेट, सगळं. टापेट म्हणजे इंजिनात व्हॉल्व उघडणारी दांडी, तिच्या आणि व्हॉल्वच्या मधे केसाएवढी फट लागते. ती मापात बसली की इंजिन वाजत नाही. असं बसलं होतं म्हणून सांगू, की चालू इंजिनावर पाण्याचा पेला ठेवला तर पाणी हलू नये. ते तसंच चालू ठेवून मी नळावर हात धुवायला गेलो. आक्का गाडीत जाऊन बसल्या.

आणि कर्रर्रर्रर्र!

माझ्या अंगावर काटा आला. गाडीत सेल्फ असतो, बटण दाबलं की इंजिनाला पहिला हिसका देणारी छोटी मोटर. तिचे दात इंजिनाच्या मोठ्या चाकाच्या दातांत अडकतात आणि इंजिन फिरायला लागलं की सुटतात. फिरत्या इंजिनावर सेल्फ मारला की दातावर दात घासतात. तो आवाज मेकॅनिकनं ऐकला की त्याच्या स्वतःच्या दाढा दुखायला लागतात.

"आक्का! सोडा! सोडा ते बटन!" मी ओल्या हातानं पळत आलो.

"सुरू का हुईना रं?"

"आवं सुरूच हाय की!"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मान थोडी वाकडी करून ऐकल्यासारखं केलं. मग म्हणाल्या, "तू लय हळू ठेवलीयास. मेल्यावानी." आणि गिअर टाकून मळ्याकडं निघून गेल्या. मी तिथंच उभा. सगळ्या गावाचे कान गेले असते तरी मला एवढा धक्का बसला नसता. आक्कांचे कान?

पुढच्या दिवसांत ते परत झालं, आणि परत झालं. मी खालून झाकण काढून बघितलं. चाकाचे दात एका बाजूला उंदरानं कुरतडल्यासारखे झाले होते. त्या चाकाची दातांची रिंग आता कुठं मिळत नाही. दात संपले की गाडी सुरू व्हायची नाही. गाडी सुरू झाली नाही की पुण्याला कळणार. आणि पुण्याला कळलं की इंजिन भंगारात.

तुम्ही म्हणाल, सरळ सांगायचं की आक्का, तुम्हाला ऐकू येत नाही. सांगून बघा! आई फोनवर सारखी "आं? आं?" करायला लागली म्हणून मधे एकदा मुलानं कानाचं मशीन आणून दिलं. आक्कांनी ते डबीसकट परत केलं. "मशीन गाडीत असावं, कानात न्हाई. माझं कान ठीक हायत, तुमीच पुटपुटताय." ज्या बाईनं जन्मभर कानांवर गाडी चालवली, तिला हे कोण सांगणार? माझी तरी छाती झाली नाही.

मग मी ते केलं, जे कुठल्याही मेकॅनिकनं करू नये. आमच्या धंद्यात एक म्हणणं आहे की ढिला टापेट ओरडतो आणि घट्ट टापेट गप राहून व्हॉल्व जाळतो. म्हणजे दोन्हींत ढिला बरा. मी सगळे टापेट मापापेक्षा ढिले केले, एकूण एक, मुद्दाम. हात अक्षरशः मागं ओढत होता. इंजिन सुरू केलं तर खडखडखडखड, जुन्या शिवणयंत्रासारखं.

आक्का स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. पदरानं हात पुसत, तोंडभर हसत.

"आता कसं! आता जिती वाटतीया."

सेल्फची घासाघीस थांबली. गाडी चालू आहे की बंद, हे त्यांना कळायला लागलं. आणि माझी इज्जत गेली. कुपवाडला गाडी आणली की सगळं गॅरेज कान टवकारायचं. "काय मिस्त्री, इंजिनात खुळखुळा टाकलाय काय?" "मिस्त्री म्हातारं झालं वाटतं!" हातचं काम एवढं भिकार वाजतंय आणि तोंड उघडून कारण सांगता येत नाही, याच्यासारखा दुसरा मार नाही.

वर्ष गेलं. कान आणखी उतरले. एका सकाळी परत ते कर्रर्र झालं, आणि मी टापेट आणखी ढिले केले. आता मात्र इंजिनाची ताकद कमी झाली. मळ्यातल्या चढाला गाडी धापा टाकायला लागली, आणि हे आक्कांच्या कानाला नाही तरी पायाला लगेच कळलं. मला बोलावणं आलं.

"चढाला वढ न्हाई. काय झालंय बघ. न्हाई, ऱ्हाऊ दे, मीच बघतो."

आमच्या भागातल्या बायका "मी बघतो, मी येतो" असंच बोलतात. आक्कांनी इंजिन चालू करायला लावलं, बॉनेट उघडलं आणि माझा लांब, लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर घेतला. टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावली की आतलं ऐकू येतं, आम्ही सगळे करतो. त्यांनी उजव्या कानाला लावला. मग डाव्या. परत उजव्या. त्यांचा चेहरा उतरत गेला आणि मी दुसरीकडं बघायला लागलो.

तेवढ्यात त्यांचा पदर सुटला, आणि पुढं पंखा गरगरत होता. मी हात हलवून पदर दाखवला. पदर खोचायला दोन्ही हात पाहिजेत म्हणून त्यांनी स्क्रूड्रायव्हरची मूठ दातांत धरली, वाकल्या, आणि टोक इंजिनाच्या झाकणाला टेकलं.

आक्का थिजल्या. डोळे विस्फारले. मला वाटलं, प्लगच्या वायरीचा झटका बसला! मी किल्लीकडं धावलो. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. मग डोळे मिटले, आणि दातांत स्क्रूड्रायव्हर धरून त्या इंजिनाच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत सरकत गेल्या. दातातून, हाडातून, इंजिन त्यांना ऐकू येत होतं.

मूठ तोंडातून काढली.

"टापेट ढिल्लं हायत. समदं."

मी फडक्यानं हात पुसायला लागलो.

"एखादं आपुआप ढिल्लं व्हतंय. समदं सारखंच व्हत न्हाईत. हे कुणीतरी माप धरून केलंय. कुणी केलं?"

"मी," मी पुटपुटलो.

"आं?"

"मी केलं आक्का!"

"का?"

आता काय करू? वर्षभर ज्या गोष्टीसाठी लोकांच्या शिव्या खाल्ल्या, एवढी जपून झाकून ठेवली, ती मला चालू इंजिनाशेजारी उभं राहून बेंबीच्या देठापासून ओरडून सांगावी लागली: "तुमाला ऐकू यावं म्हणून!"

शेजारच्या भिंतीवरून दोन डोकी वर आली. रस्त्यानं चाललेला सायकलवाला थांबला. मला धरणी दुभंगावी असं झालं. आता बाई हाकलून देणार, हे मी धरून चाललो होतो.

आक्कांनी बॉनेटच्या कडेवर हात ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते त्यांनी पुसलंही नाही.

"माझ्या कानापायी तिला खडखडायला लावलंस व्हय रं? किती दिस?"

"वरीस झालं."

"बसीव बराबर."

"आवं पर मग तुमाला—"

"बसीव म्हटलं न्हवं!"

मी गरम, चालत्या इंजिनावर टापेट बसवायला घेतले. एक एक टापेट मापात आला, तसा एक एक खडखडाट कमी होत गेला. शेवटचा बसला, आणि शेडमध्ये शांतता झाली. पंख्याची वाऱ्यासारखी सूसू तेवढी. इतकं गोड काम माझ्या हातून पुन्हा झालं नाही.

आक्कांनी स्क्रूड्रायव्हर परत दातांत धरला आणि टेकवला. बराच वेळ ऐकलं. मग तो काढून नुसत्या उभ्या राहिल्या, मान वाकडी करून. मग परत दातांत, परत नुसत्या. आम्ही प्लग अदलाबदल करून बघतो ना, दोष नेमका कशात आहे ते, तसं.

"दातानं ऐकलं तर झ्याक चाललीया," त्या म्हणाल्या. "कानानं ऐकलं तर बंद हाय. म्हंजे बिघाड तिच्यात न्हाई. माझ्यात हाय."

एवढं बोलायला मला वर्षभर धीर झाला नव्हता, आणि त्यांनी ते तेलाचा डाग पुसावा तसं बोलून टाकलं. मग कमरेची किल्ली काढून माझ्या हातात दिली.

"आजपासनं सेल्फ तू मारायचा. मी हात लावनार न्हाई. आन पुण्याला फोन लाव. त्याला सांग, आईचं कान गेल्यात. इंजिन चांगलं हाय."

मी फोन लावला आणि तेच शब्द सांगितले. मुलगा म्हणाला, "आई स्वतः म्हणाली हे? मग गाडी राहू दे तिथंच. इंजिनासकट."

"काय म्हणला रं?" आक्कांनी विचारलं.

मी तोंडाशी दोन्ही हात धरले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं.